बाभळीच्या ओंडक्यांवरचं शेण

लग्न होऊन रिठदला आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. सासरे सुतार. मागच्या अंगणात निंबाखाली, उधई लागू नये म्हणून दगडांवर, बाभळीचे चार ओले ओंडके सालीसकट ठेवलेले होते. वाळल्यावर त्यांतून एका बागवानाच्या गाडीचे तुंबे, म्हणजे चाकांचे मधले गड्डे, व्हायचे होते. ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांवर शेण थापलेलं दिसलं. मला वाटलं, कुणी गवऱ्या वाळत घातल्यात. सासरे दोन दिवस परगावी होते, चुलीला जळण नव्हतं. सगळं खरवडून काढलं आणि त्यावर भाकरी भाजल्या.

सासरे परतले त्या दिवशी बागवान ओसरीवर आला. आत मी पीठ मळत होते.

"मामा, ऊन लय तापून राह्यलं. लाकूड टिकन ना?"

"कायले भेतं? तोंडाले शेणमाती लावेल हाये. ते नसती तं आतापर्यंत फाटलं असतं."

ते दोघं बोलत बसले तोवर मी पीठ तसंच टाकून मागच्या दारानं गेले, शेणात माती कालवली आणि आठही तोंडं लिंपली. त्या उन्हात घटकाभरात सगळं वाळलं. पण सकाळी लिंपणावर केसासारखी रेघ उमटली होती. रोज दुपारी सगळे आडवे झाले की मी केरसुणीची काडी त्या फटीत घालून पाही. आधी नुसतं टोक जाई, मग बोटभर, मग वीतभर. मी पुन्हा लिंपी, पुन्हा रेघ उमटे.

कापायच्या दिवशी चारही ओंडके गाभ्यापर्यंत तडकलेले निघाले. सासरे त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि बागवानाला म्हणाले,

"माह्याच कालवण्यात कसर राह्यली, भाऊ. हात म्हतारा झाला. तू मालेगावले जाय, तिथं कर तुंबे."

सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही रीत होती खरी. पण सासूबाईंना सांगायला मला कुणी अडवलं होतं? भीतीपोटी मी तेही केलं नाही. त्यानंतर सासऱ्यांनी तुंब्याचं काम कधी धरलं नाही, नांगर-वखरच करत राहिले. आपला हात गेला असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, आणि मी त्यांना रोज जेवायला वाढत होते.