बाबांशी वाद घालणाऱ्या बाई

"मान्य, पाळकसाहेब. पण पुढचं वाचा ना."

असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पवित्र शास्त्रात बोट घालून बसायच्या. बाबांनी पुढचं वाचल्याशिवाय ते बोट निघायचं नाही. दर बुधवारी प्रार्थना झाली की आमच्या ओसरीवर हे सुरू व्हायचं. बाबा बुऱ्हाणपूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, आणि बाई मुलींच्या मराठी शाळेच्या हेडबाई. मी पाळकांची एकुलती मुलगी. माझ्याकडे चहा.

नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. नागपूरकडं पाहायची सवय सोडून आम्ही भोपाळकडं पाहायला शिकत होतो. मिशनच्या गोऱ्या मिससाहेब मायदेशी गेल्या होत्या, आणि मंडळीचा कारभार आता आपला आपणच बघायचा होता. त्यासाठी पंच निवडायचे होते. बायका पंच का नकोत, असं बाईंचं म्हणणं. बाबांचं म्हणणं, प्रेषितानं पत्रात स्पष्ट लिहून ठेवलंय, मंडळीवरचा अधिकार पुरुषाचा.

"प्रभूची कबर रिकामी आहे हे पहिल्यांदा कुणी येऊन सांगितलं?" बाई विचारायच्या. "बायकांनीच ना?"

"सांगितलं, हो. पण बारा शिष्यांत त्यांना घेतलं का?"

"बारांत बुऱ्हाणपूरचा तरी कोण होता? तुम्हाला घेतलंच की!"

बाबा मोठ्यानं हसायचे. आई गेल्यापासून ते घरात असे हसले नव्हते, निदान माझ्या कुठल्या बोलण्यावर तरी नाही. मी आत चहा गाळत ते हसणं ऐकायची आणि जळायची.

तुमच्या मनात जे आलं असेल ते त्या वेळी माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पण तसलं काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. तसल्या गोष्टीवर रागावता येतं. बाबांना फक्त वाद हवा असायचा. रविवारच्या संदेशापेक्षा बुधवारची तयारी जास्त. जेवताना मध्येच थांबून स्वतःशी पुटपुटायचे, "याला बाई काय उत्तर देतील?" आणि घास तसाच हातात.

एकदा जेवताना मी धीर करून म्हणाले, "बाबा, मला तुमचंच पटतं. बायकांनी पंच होऊ नये."

"हं," बाबा म्हणाले. "मीठ दे जरा."

पुढच्या आठवड्यात मी उलटी बाजू घेतली. बायकांना देवानं बुद्धी दिली ती काय झाकून ठेवायला, असं बरंच काही बोलले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बाईंचं बोलणं आहे." आणि उठून हात धुतले. त्यांच्या बाजूनं बोलून उपयोग नाही, विरुद्ध बोलूनही नाही. मी करायचं तरी काय?

निवडीच्या सभेला मंडळीचं देऊळ भरलं होतं. नेपानगरच्या कागद कारखान्यातली काही कुटुंबं नव्यानं आमच्यात आली होती. त्यांच्यातल्याच एकानं बाईंचं नाव सुचवलं. इतवारा मोहल्ल्यातले एक जुने पंच लगेच उठले. "बाईमाणूस पंच झाली तं लोक हसतील ना, भाऊ! अन् ह्या तं एकट्या राहतात. घर ना दार..."

"बसा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "विषय शास्त्राचा आहे. बाईंच्या घराचा नाही. त्यांच्याविषयी एक शब्द नको."

मग बाबा बाईंच्या विरुद्ध बोलले, मुद्देसूद. बाईंनी उभं राहून तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. शेवटी दोघांनी मिळून प्रार्थना केली. मत मागितलं तेव्हा माझा हात बाईंसाठी वर गेला. बाबांनी पाहावा, म्हणून मी तो जरा जास्तच उंच धरला. पण बाबांचं लक्ष बाईंकडे होतं. नाव पडताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते बघत होते.

बाई हरल्या. आता कसल्या येतात, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बुधवारी त्या मावाजिलेबीचा पुडा घेऊन हजर! पुडा द्यायला स्वयंपाकघरात आल्या.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. दोन दिवस कुणाशी बोलले नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू हात वर केलास तो माझ्यासाठी नव्हता, हो ना?"

मी गाळणी उचलली. त्यांनी माझ्या हातातली गाळणी काढून घेतली. "जा बाहेर. आज चहा मी करते."

आणि तिथूनच ओरडल्या, "पाळकसाहेब, आज माझ्याऐवजी ही बोलेल!"

मी बाईंच्या खुर्चीवर बसले. इतके दिवस मनात साठवलेलं, होतं नव्हतं ते सगळं बोलले. बाबांनी मायेनं ऐकलं आणि म्हणाले, "छान."

छान! बाईंना ते कधी छान म्हणाले नव्हते. बाईंना म्हणायचे, "साफ चूक!" आणि हे बसायला मिळालं तेही बाईंच्या कृपेनं. त्या दिवशी मी जिलेबीला हात लावला नाही.

वर्षभरात शाळा हिंदी झाली. बाईंना हिंदी येत होती, पण वर्गात ती त्यांच्या तोंडी बसेना. जळगावकडच्या एका शाळेत त्यांना जागा मिळाली. स्टेशनवर बाबा त्यांची ट्रंक चढवायला गेले. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. त्यानंतर बाई आम्हाला कधी भेटल्या नाहीत.

बुधवारी प्रार्थना झाल्यावर बाबा ओसरीवर नुसते बसून राहायचे. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि फाटकाकडे बघायचे. असे किती बुधवार गेले कोण जाणे. एकदा मला ते बघवेना. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "प्रेषितानं ते पत्र एका गावातल्या भांडणापायी लिहिलं. ते सगळ्या गावांना कसं लागू?"

बाबा ताठ बसले. डोळे अजून फाटकाकडेच होते.

"साफ चूक!" ते म्हणाले. "अहो बाई, असं कसं म्हणता तुम्ही?"

 मला बाई म्हटल्याचं बाबांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते शास्त्र उघडून पान शोधायला लागले होते.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "कुठं चुकलं, दाखवा."