मिठाच्या पोत्यावरचा पाढा

"चढ पोत्यावर," साहेब म्हणाले.

पोतं मिठाचं होतं. रंग कापडात मुरावा म्हणून टाकीत घालतात ते मीठ. मी एकोणपन्नास वर्षांचा. डोक्यावर टक्कल, पायात गमबूट, कोपरापर्यंत लाल झालेले हात. चढलो. थोडी उंची मिळाली की माझ्या अंगात नाटक येतं. गावच्या जत्रेत मी तीन वर्षं राणीचं काम केलंय, मिशी काढून. पण त्या दिवशी संवाद माझा नव्हता.

"म्हण. एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर."

म्हणालो.

"मोठ्यानं. बायकांना ऐकू दे."

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांनी मशिनी थांबवल्या होत्या. मी मोठ्यानं म्हणालो. मग तिसऱ्यांदा, शाळेतल्या पाढ्याच्या चालीवर, हातवारे करून. बायका हसल्या. मीच हसवलं त्यांना. आपणच हसवलं की अपमानही नाटकासारखा आपणच बसवलाय असं वाटतं. माझी जुनी खोड आहे ती. एकटी पद्माक्का हसली नाही. ती दोरा तोंडात धरून खाली बघत होती.

आणि तिन्ही वेळा मला ठाऊक होतं, हे चूक आहे.

कारखाना टॉवेलचा. आमचं सगळं सोलापूर त्याच धंद्यात. बावीस वर्षं मी रंगखात्यात होतो. माझ्या हातची छटा कधी परत आली नाही, एवढंच माझं नाव, एवढीच इस्टेट. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं टाकीतलं पाणी मोजायला बांबूची काठी दिली होती. तिच्यावर कोयत्यानं पाडलेल्या खाचा. टाकीत उभी करायची, ओल कुठवर चढली ते बघायचं. त्या काठीनं मला कधी फसवलं नाही.

मग अमेरिकेची ऑर्डर आली. डाळिंबी रंगाचे टॉवेल. सोबत त्यांच्याकडचं छापील कार्ड: एवढ्या वजनाच्या कापडाला एवढा रंग, एवढं मीठ आणि पाणी दोनशे गॅलन. कार्डाबाहेर जायचं नाही, अशी ताकीद. पौंडांतली वजनं साहेबांनी बरोबर किलोत आणली. पाण्यापाशी आले आणि मोबाइलवर बोट फिरवून म्हणाले, "नऊशे लिटर."

साहेब 'जुळे सोलापूर' नावाच्या नव्या वस्तीत राहायचे. मालकांच्या नात्यातले, इंजिनिअर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला अरे-तुरे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. ते खटकतंय आज, हे लिहिताना.

"साहेब," मी म्हणालो, "गॅलन एवडा मोटा न्हाय."

कार्डाबरोबर अमेरिकेहून टॉवेल मऊ करायच्या औषधाचा एक कॅन आला होता. वर लिहिलेलं, एक गॅलन. तो मी स्वतः लिटरच्या मापानं रिकामा केला होता. तीन मापं भरली. चौथं भरता भरता राहिलं, पाऊण लिटरच्या जरा वर. मला वाटलं, गळाला असेल. म्हणून कॅनवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. सातवी पास आहे मी, आकडे येतात. तिथंही छापलेलं, तीन पूर्णांक अठ्ठ्याहत्तर लिटर. म्हणजे नऊशेत जवळजवळ दहा बादल्या पाणी फुकटचं. रंग तेवढाच, मीठ तेवढंच, पाणी जास्त. डाळिंबी उतरणार कसा?

मी कॅन आणून दाखवला. साहेबांनी चिठ्ठी वाचली. म्हणाले, "औषध किती भरलंय ते लिहिलंय. गॅलन किती ते नाही."

"आवं, पर वर गॅलनच लिवलंय की."

"तुझ्या बापानं मेंढरं राखली. तू मला गॅलन शिकवतोस?"

बापानं राखली. माळशिरसच्या माळावर राखली. अंधार पडताना शंभर मेंढरांत एक कमी असलं तर न मोजता कळायचं त्याला. हे उत्तर मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं ते एवढंच, मान खाली घालणं. त्यानंतरच त्यांनी मिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

पाढा म्हणून उतरलो आणि टाकीत नऊशे लिटर पाणी सोडलं. माझ्याच हातानं. काठी उभी केली. ओल नेहमीच्या खाचेवर कितीतरी चढलेली. काठी ओरडत होती. मी ती पुसून भिंतीला टेकवली.

टॉवेल निघाले. डाळिंबाचा दाणा मागितला होता, आतलं फिकट साल निघालं. सगळा माल नापास.

त्या दुपारी डबा न उघडता मी पायरीवर बसून मोबाइल काढला. माझ्याकडंही आहे की मोबाइल. शोधलं. गॅलन दोन निघाले! एक इंग्रजांचा, साडेचार लिटरचा, आपल्या जुन्या पुस्तकांतला. दुसरा अमेरिकेचा, लहान. साहेबांनी अमेरिकेच्या कार्डाला इंग्रजांचं माप लावलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी पायरीवरून उडीच मारली. धावत केबिनमध्ये गेलो आणि मोबाइल त्यांच्या समोर धरला.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, त्यांना कळलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून टाइप केलेला कागद काढला. "सही कर."

कागदावर लिहिलेलं की माझ्या निष्काळजीपणामुळे पाणी जास्त झालं, मी माफी मागतो.

"पर साहेब, तुमी आत्ताच वाचलं की."

"वाचलं. सही कर, नोकरी राहील. पुढच्या वेळी मी लक्ष ठेवीन तुझ्यावर."

पोत्यावर चढवलं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत होतं. एवढा एकच फरक.

मी पेन घेतलं. खरं सांगतो, टोक कागदाला टेकलं होतं. घरची तोंडं डोळ्यांपुढून गेली. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, पाढ्याच्या चालीवर, हातवारे करून.

पेन टोपण लावून ठेवलं.

"न्हाय," म्हणालो.

एवढा बडबड्या मी, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवेश एका शब्दात संपला.

झालं काहीच नाही. नोकरी गेली, गेटवर गमबूट काढून घेतले. कागदावर साहेबांनी स्वतः लिहिलं, 'सही करण्यास नकार.' म्हणजे फायलीत आजही दोष माझाच आहे. पद्माक्का भेटते कधीमधी. म्हणाली, "दादा, आता तितं पानी बराबर टाकत्यात. पर चूक तुमचीच हुती म्हनत्यात." मी काय करणार? फाइल त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

हल्ली मी एका लहानशा शेडमध्ये सुताला रंग देतो. काठी तेवढी बरोबर आणली. चहाच्या टपरीवर मी हा किस्सा रंगवून सांगतो. साहेबांचा आवाज काढतो, राणीसारखा पदर घेतो, लोक लोळतात. मग कुणीतरी म्हणतंच, "मामा, तो पाढा म्हना की. चालीवर."

तिथं मी थांबतो.

"पाणी आणा," म्हणतो. "माप आणा. मी ओततो, तुमी मोजा. भरंल तेवडं म्हनीन."

तो पाढा या तोंडातून परत निघणार नाही. नोकरीसाठी नाही. हसवण्यासाठीसुद्धा नाही.