उदेलाल पाणकर आणि सहा उघड्या पायऱ्या

आमच्या गावच्या तलावाचं पाणी चाळीस वर्षं उदेलालनं वाटलं. त्याला पाणकर म्हणतात. पाळीखाली, तलावाच्या बांधाखाली, दीडशे एकर धान. कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी आधी, कोणाच्या नंतर, हे तोच ठरवणार आणि तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, त्याच्याच हातानं उघडणार. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलो. पाटी माझी, लेखणी त्याची. एकदा गुरुजींनी विचारलं, शाळेची विहीर किती खोल? हा पठ्ठ्या उठला, विहिरीत खडा टाकला, कान लावला आणि तिथल्या तिथं म्हणाला, सोळा हात. गुरुजींनी दोर सोडून मोजली. सोळाच! पण ते राहू द्या, मला सांगायचं आहे ते गेल्या पौषातलं.

पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षाची निवडणूक लागली. एरवी त्या खुर्चीला कुत्रं विचारत नाही. यंदा मात्र दोघं उभे राहिले, आणि गोंदियाच्या एका केबल चॅनलवाल्यांनी दोघांना शाळेच्या ओसरीत समोरासमोर बसवून सवाल-जवाब घेतले.

एक ओमेश्वर, उदेलालचा जावई, त्याच्या रविताचा नवरा, गावातलाच. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. कोरोनात यानं स्वतःच्या ट्रॅक्टरवर घालून किती जणांना दवाखान्यात नेलं, त्याची गिनती नाही. दुसरा केशोराव. तोंडानं फाटका. रामराम घातला तर वसुलीला आल्यासारखा बघणारा.

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी माझ्या घरी तीसेक माणसं जमली. टीव्हीतल्या मुलीनं विचारलं, "इस गर्मी में पानी का क्या करेंगे?"

ओमेश्वर हसून म्हणाला, "या उन्हाळ्यात दीडशेच्या दीडशे एकरांना पाणी. एकही बांधी कोरडी राहणार नाही."

माझ्या घरात टाळ्या.

केशोराव कॅमेऱ्याकडे बैलाकडे बघावं तसा बघत होता. "सत्तर एकरच भिजंल. चिठ्ठ्या टाकू. ज्याची निघंल त्यानं धान लावावं, बाकीच्यानं मूग टाकावा. माझीबी चिठ्ठी त्यातच."

"मत मागून राहिला का शाप देऊन राहिला?" शेजारची शामकला म्हणाली, आणि सगळे हसले.

मग माना वळल्या उंबरठ्यावर बसलेल्या उदेलालकडे. "भाऊ, कोण खरं बोलून राहिला?"

उदेलालनं खांद्यावर दुपट्टा टाकला. "उद्या सभा आहे ना? तिथं सांगतो." चहा तसाच ठेवून तो उठला. मी काठी घेऊन त्याच्या मागं.

तो तलावाच्या घाटावर जाऊन उभा राहिला. घाटाला अकरा पायऱ्या. तलाव भरला की एकही दिसत नाही. पौषात तीन उघड्या असल्या तर दीडशे एकर निभतं. सहा असल्या तर सत्तर. हा त्याच्या बापाचा हिशोब, आणि तो कधी चुकलेला मला आठवत नाही. यंदा पाऊस गणपतीतच आटोपला होता.

"मोज," तो म्हणाला.

मी मोजल्या. सहा.

"जवाई लाख माणूस आहे, पण बोलला ते होणार नाही. केशोराव बोलला ते होईल, पण तो..." उदेलाल थांबला. मग त्यानं चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. एका पहाटे केशोराव तलावाची पाळ फोडून स्वतःच्या बांधीत पाणी नेताना त्याला सापडला होता. उदेलालनं ते घराबाहेर कधी काढलं नाही. "आता खरं बोलतो, त रविताच्या घरात आग लागते. चूप राहतो, त चैतात दीडशे एकर लोंबीवर येऊन करपते. सांग, काय करू?"

मी बोलका माणूस. त्या दिवशी मात्र परत पायऱ्याच मोजल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा. एकीकडे बाप्ये, एकीकडे बाया. अर्ध्या गावानं धानाचं बी भिजत घालूनही ठेवलं होतं. उदेलाल उभा राहिला.

"जवाईबापू, घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत?"

ओमेश्वरचा चेहरा उतरला. "हे काय विचारून राहिले, मामाजी? असतील तीन... चार."

"असतील का आहेत?"

भर सभेत सासऱ्यानं जावयाला अडवावं! ओमेश्वर लालबुंद झाला. "पायऱ्या सोडा! चौदा वर्षांआधी पाळ कोणी फोडली, ते सांगा सभेले. मले रवितानं सांगितलं आहे."

केशोरावनं मान खाली घातली. मला वाटलं, आता उदेलाल खालीच बसणार.

"यानं फोडली," तो म्हणाला. "कुदळ मीच हिसकावली. दुपारवरी छातीभर पाण्यात उभा राहून बुजवलीबी यानंच. तवा चोर होता. आज आहे का नाही, मले मालूम नाही."

"फोडली," केशोराव म्हणाला. "माझी बांधी शेवटची. पाणी पोचतच..."

"कारण सांगू नको!" उदेलाल ओरडला.

झालं! "चोराले अध्यक्ष करता का?" "ओमेश्वरभाऊ, दीडशे एकर!" अर्धी सभा उभी राहिली. पायऱ्यांचं सगळे विसरले होते.

तेवढ्यात बायांमधून आवाज आला, "सहा."

रविता. डोक्यावर पदर, पण मान ताठ.

"काय सहा?" ओमेश्वरनं विचारलं.

"पायऱ्या. सहावीवर बसून काल कपडे धुतले मी. टीव्हीतला तुमचाच सदरा होता."

कोणी हसलं नाही. मागून नंदाबाई म्हणाली, "सहाच." शामकला म्हणाली, "सहा. सातवीची कड बी दिसून राहिली." मग एकेक बाई. सगळ्याच रोज घाटावर जाणाऱ्या. आम्हां बाप्यांनी त्यांना विचारलंच नव्हतं. ओमेश्वर बायकोकडे बघत राहिला आणि हळूच खाली बसला.

"आता मत ज्याले द्यायचं त्याले द्या," उदेलाल म्हणाला. "फक्त केशोराव आला त तुडूमाची चाबी त्याच्या हाती नको."

"नकोच," केशोराव म्हणाला. "तुमच्याचजवळ ठेवा."

केशोराव नऊ मतांनी आला. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा त्याचीच निघाली नाही. त्याच्या बांधीत यंदा मूग आहे. येता-जाता शिव्या देतो, पण मूग आहे.

पण खरी किंमत रवितानं दिली. ओमेश्वर तिच्याशी अकरा दिवस बोलला नाही, आणि सासऱ्याच्या घराकडं तर फिरकलाच नाही. शिमग्याला जावयाला जेवायला बोलवायची आमच्याकडं रीत. रविता सकाळीच आली, एकटी. तिच्या आईनं, राजकुमारीबाईनं, पुरणपोळ्या केल्या. उदेलाल जावयाचे पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उंबरठ्यावर बसला. सोबतीला मी. दुपार कलली. तांब्यातलं पाणी कोमट झालं. आतून रविता दोनदा डोकावली.

शेवटी ओमेश्वर आला. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. उदेलाल तांब्या घेऊन वाकला, तसा त्यानं पाय मागं घेतला.

"राहू द्या, मामाजी. मी धुतो." तांब्या त्यानं स्वतःच्या हातात घेतला. पायावर पाणी ओतत म्हणाला, "आठ उघड्या झाल्या."

"मालूम आहे," उदेलाल म्हणाला. "या, बसा. पोळ्या थंड होऊन राहिल्या."