रांगेत राहिलेला कागद

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रिंटर एकच आहे. सगळ्यांचे कागद आधी लिनक्स सर्व्हरवर रांगेत लागतात, मग छापले जातात. तो सर्व्हर मीच सांभाळतो. आज त्यावर मला बंद पडलेली एक जुनी रांग दिसली. सहज चालू केली, तर प्रिंटरमधून एकसारखे पाच कागद बाहेर आले.

पाचही जोशीबाईंचे. कागद आला नाही की त्या पुन्हा पुन्हा बटण दाबत आणि पलीकडच्या टेबलावरून विचारत, "आला का हो कागद?" गेल्या वर्षी हा कागद छापायला पाठवला त्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं. मी मान वर न करता म्हणालो होतो, "उद्या बघतो, बाई."

तो रजेचा अर्ज होता. छातीत दुखतंय, डॉक्टरांना दाखवायचंय. आमच्याकडे छापील अर्जाशिवाय रजा नाही, आणि बाई नियमाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर कामावर आल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्याची बातमी आली.

आपण विसरलो की गोष्ट संपली, असं आपल्याला वाटतं. सर्व्हरला ते कळत नाही. तो आपला थांबून राहतो.

कागद हातात कोमट लागताहेत. पलीकडच्या टेबलाकडे बघायचं मी टाळतोय. तिथून कुणी विचारलं, तर आता "आला" म्हणावं लागेल.