अर्धा कोयता

तुळशीचं लग्न लागायच्या आधी कुणाच्या दारात मांडव दिसला की मी आधी नवरीचं वय विचारते. एरवी आमच्या भागातली माणसं मुहूर्त, मानपान, वाजंत्री, सगळं नीट बघून लग्न करतात. पण कारखाने सुरू व्हायची वेळ जवळ आली की वाडीवस्तीवर पंचांग गुंडाळून ठेवलं जातं. त्या मांडवाला बँड नसतो, पत्रिका नसते, आणि जेवणावळ उरकायची तर इतकी घाई असते की पाहुणा हात धुवून होईपर्यंत पत्रावळी उचललेल्या असतात. मी त्याला कोयत्याचं लग्न म्हणते. ते म्हणताना माझा आवाज चढतो, असं माझ्या आईचं म्हणणं आहे.

ऊसतोडीत एकट्या माणसाला किंमत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. तो तोडतो, ती वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बाजूला करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती अशा जोडीला. बिनलग्नाचा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी घेत नाही. मग हंगामाच्या तोंडावर त्याला बायको शोधायची धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीत शाळेतल्या पोरी जातात.

आमचं ऑफिस जुन्या जालन्यात, एका धान्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खाली पोती उतरतात, वर आम्ही शिंकत बसतो. माणसाच्या हक्कांचं काम करतो असं आम्ही सांगतो, पण निम्मा वेळ जीपच्या बॅटरीशी भांडण्यात जातो. टेंभुर्णीच्या पुढे एक वस्ती आहे, तिथल्या मुलींचा गट मी घेते. वस्तीवरची जुनी माणसं मेंढरांमागे फिरलेली. मेंढरं गेली, चराईची रानं गेली, खांद्यावरची घोंगडी तेवढी राहिली. आता मेंढरांऐवजी कोयता घेऊन फिरतात.

त्या गटात एक पोरगी होती. दहावीत, उंच, घोगऱ्या आवाजाची. मला यायला उशीर झाला तर दारातच झापायची. तिची एक सवय होती. काहीही सांगितलं की ती विचारायची, "मंग?" आमच्याकडे सगळेच मंग म्हणतात, पण हिचा मंग वेगळा होता, पुढचं ऐकल्याशिवाय ती सोडायची नाही. मी कायदा सांगायचे, अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. "मंग?" आपण तक्रार करू शकतो. "मंग?" पोलीस येतात, लग्न थांबवतात. "मंग?" इथवर आलं की मी पाण्याची बाटली उघडायचे आणि विषय बदलायचे. बाकीच्या पोरी हसायच्या. ती हसायची नाही, बघत राहायची.

दसरा झाल्यावर तिने शाळेतल्या बाईंच्या फोनवरून फोन केला. "ताई, माझं लगन लावून राह्यले. परवा हाय." मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मंग आता या."

आम्ही गेलो. ग्रामसेवक, पोलीस, अंगणवाडीच्या ताई आणि मी. तिला हळद लागली होती. पिवळ्या लुगड्यात ती ओट्यावर बसली होती आणि आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हाला कधी पाहिलंच नाही. हुशार पोरगी. बोलावणं तिचं होतं हे कुणाला कळलं असतं तर आम्ही गेल्यावर तिचं काय झालं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा बाप ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी मला छान भांडता येतं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, आमी जाणार कारखान्यावर. वयात आलेली पोरगी इथं कुणाच्या भरवशावर ठेवू? तुमी ठेवून घेताल का?" मी म्हणाले, शाळेच्या हंगामी वसतिगृहात सोय करते, माझा शब्द. तो मान हलवत राहिला.

तेव्हा कोपऱ्यात बसलेला तिचा भाऊ बोलला. तो चोविशीतला असेल. "ताई, हिचं मोडलं मंजी माझंबी मोडलं." हे साटंलोटं होतं. हिला ज्या घरात द्यायची, त्या घरातली पोरगी याला करून घ्यायची. पोरीच्या बदल्यात पोरगी, म्हणजे हुंडा नको, दोन्ही घरांत एकेक कोयता पुरा. तिकडचं लग्न दोन दिवसांनी, त्यांच्या गावात होतं. मी विचारलं, "ती कितवीत आहे?" भावाने बापाकडे पाहिलं. मग नवरी झालेली आमची पोरगी मान वर न करता म्हणाली, "नववीत."

मी तिथल्या तिथे पोलिसांना म्हणाले, तिकडेही गेलं पाहिजे. ते म्हणाले, मॅडम, ते गाव आपल्या हद्दीत येत नाही. मी हद्दवाल्यांना फोन केला. पुन्हा केला. ऑफिसला येऊन पुन्हा केला. "बघून घेतो" असं उत्तर आलं, आणि खरंच कुणीतरी बघूनही आलं. घरापुढे मांडव नव्हता, म्हणून परत गेलं. मांडव नसणारच होता. साटं मोडलं होतं. त्या घराने उचल घेतलेली होती, कारखान्यावर जाणं भाग होतं, पोरीला मागे ठेवायची सोय नव्हती, आणि आता पोलीस दारात यायची भीतीही बसली होती. त्या आठवड्यातच त्यांनी पोरगी कुठल्याशा देवळात नेऊन, जोडी शोधत असलेल्या एकाच्या गळ्यात बांधली. मला हे कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी टेबलावर हात आपटला, त्याने एवढंच झालं की चहा सांडला.

आमच्या पोरीच्या बापाने मात्र बालकल्याण समितीपुढे कबूल केलं की अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न लावणार नाही. ऑफिसात त्या दिवशी आम्ही पेढे खाल्ले. एक पोरगी वाचली म्हणून. ती नववीतली आठवत होती, तरी मीही खाल्ला.

दिवाळीनंतर मी वसतिगृहाचं सांगायला वस्तीवर गेले. तिच्या दाराच्या कडीला तार गुंडाळलेली होती. शेजारची बाई शेण कालवत होती. "गेले की ते. ट्रॅक्टर आल्ता."

"आणि पोरगी?"

"तिला भावासंगं नेलं. उचल दोन कोयत्यांची घेतेली. माय-बापाचा एक झाला, पोराला जोडी नगं का?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिने समजुतीने सांगितलं, "लगन न्हाई लावलं बरं का. तुमाला सांगितलं तसंच केलं त्यांनी."

खरंच होतं ते. सुनेच्या जागी त्यांनी लेक नेली होती. भाऊ तोडणार, बहीण मोळ्या वाहणार, आणि कायद्याने कुणाचं लग्न झालेलं नाही. मी तिथेच दगडावर बसले. रागाने माझे कान तापले होते, आणि तो राग नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या बाईवर काढता येत नव्हता, ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती.

मी तालुक्याला एका साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मुलगी आईवडिलांसोबत आहे ना? लग्न झालेलं नाही ना? मग तुमची तक्रार नेमकी काय आहे, मॅडम?" मी म्हणाले, तिची शाळा. ते म्हणाले, "शाळेत नाव आहे ना?" नाव होतं. नाव शाळेतच होतं, पोरगी तेवढी नव्हती.

यंदा मुकादमाने जवळचंच काम धरलं होतं, अंकुशनगरच्या बाजूला. मी जाऊन शोधलं. उघड्या रानात पाचटाच्या कोप्यांची रांग, माणसाला वाकूनच आत जाता येईल अशी. ती फडात, उसाच्या तोडणीवर होती. आधी मी ओळखलं नाही. डोक्याला फडकं, अंगात भावाचा शर्ट, आणि मोळी घेऊन चालताना मान अशी ताठ की मला माझीच मान दुखल्यासारखं झालं. मोळी गाडीत टाकून ती आली.

"पुस्तकं आणलीस का?" मी विचारलं. विचारताच वाटलं, काय मूर्खासारखं बोलतेय मी.

"आणली. पर दिवे लागंपर्यंत फडात, मंग भाकरी, मंग डोळे लागत्यात." ती थोडं थांबली. "लगन झालं असतं तरी इथंच असते, ताई. ऊस तोच हाय."

दिलेल्या शब्दाला जागल्याचं समाधान बांधावर बसलेल्या बापाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "बाई, मी जबान मोडली का? बिलकुल न्हाई." या माणसाला काय बोलायचं? तो खोटं बोलत नव्हता. मी म्हणाले, हिची परीक्षा आहे, ही वर्षभर तिचीच वाट बघत होती. तो कोयत्याची धार बोटाने बघत राहिला. "तिला सोडलं तर पोराचा कोयता मोडतो. मुकादम ऐकंल का?"

तेव्हा तिची आई पुढे आली. तोवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पदराने तोंड पुसत नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या तिला परीक्षेपुरती. दोघांच्याबी मोळ्या मी वाहते." दोन पुरुषांनी तोडलेला ऊस एका बाईने वाहायचा म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. बाप उठून फडात गेला. त्यालाच होकार धरायचा असतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी जीप घेऊन तिला न्यायला गेले. एका पिशवीत पुस्तकं आणि एक ड्रेस घेऊन ती तयारच बसली होती. आई फडातून आली नाही, लांबून हात वर केला. जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांनी चिरल्याच्या रेघा होत्या, जुन्या आणि नव्या. मी वाटेत बरंच बोलले. शाळेतल्या बाईंकडे राहायची सोय केली आहे, बाई गणित घेणार आहेत, पेपर झाले की पुढचं बघू. ती ऐकत होती. पूर्वीसारखं एकदाही "मंग?" म्हणाली नाही. त्या पोरीच्या तोंडून तो प्रश्न निघत नव्हता, याची मला भीती वाटली.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "ताई, हितं थांबवता का जरा?"

रस्त्याला लागून दुसऱ्या एका टोळीचा फड होता. ती उतरली आणि बांधावरून हाक मारली. उसातून एक पोरगी बाहेर आली. बारकी, गळ्यात काळे मणी, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. आमच्या पोरीपेक्षा डोकंभर बुटकी. मला सांगायची गरज पडली नाही, ही कोण ते. साट्यातली दुसरी. सुपारी फुटली तेव्हापासून दोघींची ओळख, पुढे फोनवर बोलणं, आणि आता आठवड्याच्या बाजारात भेट होत होती.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याच का त्या ताई? तुज्या लग्नाला आल्त्या त्या?"

"ह्याच."

"माझ्या लग्नाला न्हाई आल्या."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. न आलेल्या पाहुणीला बायका पुढे कधीतरी भेटल्यावर म्हणतात, तितक्या साधेपणाने ती म्हणाली. मी म्हणाले, "तुझं गाव दुसऱ्या हद्दीत येत होतं, बाळा. आम्ही कळवलं होतं. माणसं येऊनही गेली, पण त्यांना मांडव दिसला नाही." बोलता बोलता मला माझाच आवाज त्या साहेबांसारखा ऐकू यायला लागला.

ती मान हलवत होती. मोठ्या माणसांचं समजलं नाही तरी हलवायची असते तशी.

"मंग?" आमची पोरगी म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी मी तो प्रश्न ऐकत होते. ती माझ्याकडेच बघत होती, गटात बघायची तशी, उत्तर मिळेपर्यंत न हलणारी नजर. या वेळी माझ्याजवळ पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. मी रस्त्याकडे पाहिलं. उसाने भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता.

फडातून कुणीतरी त्या लहानीला हाक मारली, जल्दी कर म्हणून. जाता जाता तिने विचारलं, "उद्या कोणता पेपर हाय?"

"मराठी."

"सोपा असतो," ती म्हणाली.

बांधलेली मोळी तिच्या पायाशीच पडली होती. ती वाकली, पण एकटीला ती उचलत नव्हती. आमच्या पोरीने पुस्तकांची पिशवी माझ्या हातात दिली आणि तिला मोळी डोक्यावर चढवू लागली.