एक वाटी पिठाला पाणी किती

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. शनिवारच्या पुरवणीचे चौथे पान माझ्याकडे होते. वर दोन पाककृती, खाली एक हस्तकला, कोपऱ्यात पत्रे. मजकूर वाचक पाठवत. तो निवडणे, कापणे आणि शुद्ध करणे हे माझे काम. पानावर माझे नाव नसे. त्यामुळे पत्रांचे मायने ठरलेले असत: ‘प्रिय ताई’ किंवा ‘ताईंना सप्रेम नमस्कार’. मी तो समज दूर केला नाही. उत्तरे पाठवताना खाली ‘संपादक, चौथे पान’ एवढेच लिहीत असे.

पान माझ्याकडे आले त्या महिन्यात चकलीची एक कृती चुकली. मोहनाचा आकडा छापखान्यात अक्षरजुळणी करताना बदलला होता आणि अनेकांच्या चकल्या तेलात विरघळल्या. संपादकांनी मला बोलावले.

“यापुढे करून पाहिल्याशिवाय काही छापायचं नाही.”

“करून कोणी पाहायचं?”

“पान कोणाकडे आहे?”

त्या आठवड्यापासून पानाच्या तळाशी चौकटीत एक ओळ जाऊ लागली: ‘या पानावरील प्रत्येक कृती करून पाहिलेली आहे.’

मी सिडकोत दोन खोल्यांत राहत होतो. आसपास अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारी कुटुंबे होती. माझे लग्न झालेले नव्हते. आईवडील गेले होते, भाऊ नागपूरला होता. तोवर मला खिचडी, पिठले आणि चहा एवढेच येत होते. आता शनिवारच्या पानासाठी रविवारी आणि मंगळवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी स्टो पेटवून बसू लागलो. पुढे गॅस घेतला. द्राक्षांचे मनुके करून पाहिले, आवळ्याचा मुरंबा केला, सरबत पिण्याच्या नळ्यांचे तोरण ओवले, आइस्क्रीमच्या काड्यांचे देऊळ चिकटवले. हस्तकलेचा प्रश्न नसे. तोरण एकदा दाराला लावले की संपले. प्रश्न पदार्थांचा होता. प्रत्येक कृतीखाली ‘चार जणांसाठी’ असे लिहिलेले असे, आणि चार जणांचे मी एकटा तीन दिवस खात असे.

उरलेले मी डब्यातून कार्यालयात नेऊ लागलो. पहिले काही आठवडे डबा टेबलावर ठेवताच रिकामा होई. मग मुद्रितशोधक डब्याचे झाकण उचलून विचारू लागले, “आज काय, आणि किती दिवसांचं?” लोक हसत. मीही हसे. एकदा त्यांनीच सहज विचारले, “पण हे सगळं इथे का येतं? घरी कोणी खात नाही का?” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. मी काही तरी उत्तर दिले. पण त्यानंतर डबा नेला नाही.

त्याऐवजी मी एक युक्ती काढली. प्रत्येक प्रमाणाला चारने भागायचे, एका माणसापुरते करायचे, जमले की पुन्हा चारने गुणून छापायचे. एक वाटी रवा असेल तर पाव वाटी, चार केळी असतील तर एक. वहीत डाव्या बाजूला माझे प्रमाण आणि उजव्या बाजूला छापायचे. सुमारे वर्षभर हे ठीक चालले. काही वाया जात नव्हते आणि कोणी काही विचारत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पूर्वी जिन्यातच वास घेऊन “भाऊ, पाहुणे आलेत का?” असे विचारत. तेही बंद झाले.

त्याच काळात मनमाडहून पोस्टकार्डे येऊ लागली. लिहिणारे गृहस्थ रेल्वेत कामाला होते. अक्षर सुटे आणि सरळ. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली होती. एकुलत्या मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते आणि रुखवत ते स्वतः करणार होते. त्यांनी लिहिले होते: ‘ताई, मुलीच्या मावश्या म्हणतात, पुरुषाने या भानगडीत पडू नये, आम्ही करतो, नाहीतर बाजारातून आणा. मी दोन्हीला नाही म्हटले आहे. शोभेच्या वस्तू मुलगी करते. खाण्याच्या वस्तू आईने करायच्या असतात, त्या मी करणार. मांडवात मुलाकडच्या बायका टेबलापाशी येऊन कोणी केले असे विचारतात. तेव्हा घरीच केले, असे मला सांगता आले पाहिजे. आपले पान मी कापून ठेवतो.’

पुढची पोस्टकार्डे प्रगतीची होती. नळ्यांचे तोरण मुलीने केले. बेसनाचे लाडू तिसऱ्या खेपेला वळता आले. शेवया तुटल्या, पण चालतील. नागलीचे पापड केव्हा देणार?

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांची कृती इगतपुरीजवळच्या एका बाईंनी पाठवली होती. चार वाट्या नागलीचे पीठ, पाच वाट्या पाणी. पाण्यात पापडखार, मीठ, जिरे, हिंग, तीळ घालून उकळी आणायची, पीठ घालून झाकण ठेवायचे, वाफ आल्यावर उकड गरम असतानाच मळायची आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून उन्हात टाकायची. मी एका रविवारी एक वाटी पीठ आणि सव्वा वाटी पाणी घेतले. उकळी येईपर्यंत बरेच पाणी आटून गेले. पीठ घातले तर ते भुरभुरीत राहिले आणि बुडाला लागले. दुसऱ्या खेपेला दीड वाटी घेतले, तरी कोरडे. तिसऱ्या खेपेला दोन वाट्या घेतल्या आणि उकड मऊ झाली. सोळा पापड झाले. गच्चीवर वाळवले. दोन भाजून खाल्ले, चांगले लागले. वहीत उजव्या बाजूला लिहिले: चार वाट्या पिठाला आठ वाट्या पाणी. तसेच छापले. खाली चौकट होतीच.

दहा दिवसांनी मनमाडचे पोस्टकार्ड आले.

‘ताईंना नमस्कार. आपण दिलेल्या प्रमाणाने पापड केले. आम्हाला जास्त हवे होते म्हणून वीस वाट्या पीठ व चाळीस वाट्या पाणी घेतले. उकड न होता आंबिलीसारखे पातळ झाले. पीठ संपल्याने घट्ट करता आले नाही. प्लास्टिकवर ओतून वाळवले, पण भेगा पडून तुकडे झाले. लग्नाला वीस दिवस आहेत. आमच्याकडून काय चूक झाली असेल, ते कृपया कळवावे.’

दोन दिवसांनी इगतपुरीचे पत्र आले. ते अंतर्देशीय होते आणि पूर्ण भरलेले नव्हते. ‘मी पाच वाट्या लिहिले होते. माझ्या नावाखाली आठ छापले. इथे बायका मला विचारतात, पापड करायचे होते की पेज? ताई, तुम्ही जन्मात कधी पापड लाटले आहेत का?’

त्या मंगळवारी मी चार वाट्या पीठ आणि पाच वाट्या पाणी घेतले. पूर्ण प्रमाण मी वर्षभरानंतर करत होतो. मोठे पातेले कपाटावरून काढून धुवावे लागले. उकड पहिल्याच खेपेला जमली. कारण उघड होते. मोठ्या पातेल्यात पाच वाट्यांतले जेमतेम पाऊण वाटी पाणी आटते, आणि माझ्या लहान भांड्यातही जवळपास तेवढेच आटत होते. आटणाऱ्या पाण्याला मी चारने गुणले होते.

बुधवारी दुरुस्ती लिहून संपादकांपुढे ठेवली. ‘नागलीच्या पापडांच्या कृतीत चार वाट्या पिठाला पाच वाट्या पाणी असे वाचावे. मूळ पत्रातील प्रमाण बरोबर होते. कृती एका माणसापुरत्या प्रमाणात करून पाहिल्याने ही चूक झाली.’

त्यांनी शेवटचे वाक्य खोडले.

“कारण कशाला?”

“आपण करून पाहिलेलं आहे असं म्हणतो. कसं पाहिलं ते सांगायला हवं.”

“बरोबर काय ते छाप. वाचकाला पापड पाहिजेत, तुझी हकिगत नको.” मग चष्मा काढून त्यांनी विचारले, “एका माणसापुरतं का केलंस?”

“मी एकटा राहतो.”

“ते मला माहीत आहे,” ते म्हणाले आणि कागद परत दिला.

दुरुस्ती शनिवारी छापून आली. मनमाडला उत्तर पोस्टाने पाठवता आले असते. पण त्यांनी स्वतःची चूक विचारली होती आणि त्याचे उत्तर चार ओळींत लिहिणे मला जमले नाही. पुढच्या मंगळवारी मी नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडली. बरोबर वहीचे पान आणि एका डब्यात पाच वाट्या पाण्याचे पापड घेतले. लग्न आठ दिवसांवर आले होते.

रेल्वेच्या चाळीत पत्ता लगेच सापडला. दार मुलीने उघडले. दारावर नळ्यांचे तोरण होते, माझ्यापेक्षा नीट ओवलेले. मी दैनिकाचे नाव सांगितले. आतून वडील बनियनवर सदरा चढवत आले.

“पेपरातून आलात? ताईंनी पाठवलं का?”

“ताई नाहीत. ते पान मीच बघतो.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मुलगी तोंडावर ओढणी धरून आत गेली आणि आतूनच म्हणाली, “बाबा, ताईंना पाणी देऊ का चहा?”

“गप गं,” ते म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरले नाही. “म्हणजे दोन महिने मी तुम्हाला... लाडू वळत नाहीत म्हणून लिहीत होतो ते...”

“मलाही वळता येत नव्हते,” मी सांगितले.

खाटेखालून त्यांनी पत्र्याचा डबा काढला. तपकिरी तुकडे होते, कौलाच्या खापऱ्यांसारखे. ते त्यांनी टाकले नव्हते. “तळून खाल्ले तर चव चांगली आहे,” ते म्हणाले. “पण टेबलावर मांडता येणार नाहीत. आमचं चुकलं कुठे?”

“तुमचं नाही चुकलं. प्रमाण चुकीचं छापलं होतं.”

“पण खाली लिहिता ना, करून पाहिलं म्हणून?”

“केलं होतं. एका वाटीचं. मग चारने गुणलं.”

“एका वाटीचं का?”

“चार वाट्यांचे पापड खायला घरी कोणी नाही.”

त्यांनी डब्याचे झाकण लावले. मुलगी चहा घेऊन आली होती, तिने ऐकले असावे. ती म्हणाली, “म्हणजे आमचे पापड गणितात नापास झाले होते. स्वयंपाकात नाही.” वडील म्हणाले, “मग मावश्यांना तसं सांग.”

पीठ त्यांनी पुन्हा दळून आणले होते. हिंमत होत नव्हती म्हणून पिशवी तशीच होती. मुलगी कामावर गेल्यावर आम्ही दोघांनी चार चार वाट्यांच्या पाच उकडी केल्या. एकदम वीस वाट्या घ्यायला ते तयार होते, मी नको म्हटले. ते मळत होते, मी लाटत होतो. उकड हाताला भाजत होती. त्यांच्या लाटण्याचा एक दांडा सैल होता. तो कसा धरायचा हे त्यांनी दाखवले, कारण पत्नी तसा धरत असे. दुपारपर्यंत चाळीसमोरच्या दोन खाटा भरल्या. शेजारच्या एक आजी येऊन उभ्या राहिल्या. “हे कोण रे?” त्यांनी विचारले. “पाहुणे आहेत,” ते म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने मी परतलो.

लग्नाची पत्रिका आली. पत्ता ‘संपादक, चौथे पान’ असाच होता आणि छापील मजकुराप्रमाणे सहकुटुंब सहपरिवार येण्याचे निमंत्रण होते. त्या दिवशी माझी ड्युटी होती. बदली मागता आली असती. मी मागितली नाही.

ते पान दोन हजारनंतर काही वर्षे चालले. मग पाककृती दूरचित्रवाणीवर रोज दिसू लागल्या, वाचकांची पत्रे कमी झाली आणि त्या जागी जाहिराती आल्या. शेवटपर्यंत मी प्रत्येक कृती पूर्ण प्रमाणात केली. उरलेले वरच्या वहिनींकडे देत असे. त्या पातेले परत पाठवताना त्यात काही ना काही घालून पाठवत. एवढाच आमचा संबंध होता. पत्रांच्या फायली रद्दीत गेल्या तेव्हा मनमाडची दोन पोस्टकार्डे मी काढून घेतली.

पहिले लग्नानंतरच्या आठवड्याचे आहे. ‘रुखवत चांगले मांडले. मुलाच्या आत्याने पापड हातात घेऊन विचारले, कोणी केले? मी म्हणालो, घरीच. त्या म्हणाल्या, घरी कोणी? मी म्हणालो, मी. मग त्यांनी आणखी दोन माणसांना बोलावून दाखवले.’

दुसरे त्यानंतरच्या उन्हाळ्यातले आहे. ‘मुलगी पुण्याला सुखात आहे. यंदा पापड करावेत असे मनात आहे, पण घरात आता मी एकटाच. चार वाट्यांचे खपणार नाहीत. एक वाटी पिठाला पाणी किती, ते कळवावे.’

त्याच दिवशी उत्तर टाकले. माझ्याकडे वहीचे ते पान होते, डाव्या बाजूसकट. मी लिहिले: एक वाटी पिठाला दोन वाट्या पाणी. भांडे लहान घ्यावे. सोळा पापड होतात. हे प्रमाण मी करून पाहिले आहे.