धुरापासून लांबची खोली

दोन्या एनेइदाला ती खोली मी निवडून दिली. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला कोपऱ्यात गाठून विचारायला नको.

कायेय गावच्या चौकात, औषधाच्या दुकानाला लागून माझं ऑफिस आहे. बोटीच्या सहली ठरवून देणं हा माझा एकवीस वर्षांचा धंदा. सोळा माणसं जमवली की सतरावी मी फुकट, म्हणून दर जानेवारीत कुणाच्या तरी गोतावळ्याबरोबर मीही सान हुआनच्या बंदरातून बोटीत चढते. त्यात कोत्तो मंडळी पक्की ठरलेली. अर्धी माणसं ओर्लांडोला, काही न्यू जर्सीला, थोडी इथं गावात. वर्षातले सात दिवस काय ते एकमेकांची तोंडं बघतात, ती त्या बोटीवर. सहाव्या मजल्यावर मागच्या बाजूला ओळीनं अकरा खोल्या. दारांवर झेंडे, कागदी फुलं, कुणाची तरी गवताची टोपी, आणि सगळी दारं सताड उघडी. आमच्यात उघडं दार म्हणजे ये, बस. दार बंद असलं तर घरात कुणी आजारी तरी असतं नाहीतर रुसलेलं तरी, आणि अशा दारावर टकटक करायला माणूस दहादा विचार करतो.

एनेइदा या कोत्तोंपैकीच, सत्तर वर्षांची, म्हणून मी तिला दोन्या, म्हणजे बाई, म्हणते. लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं भात आणि घेवडा शिजवला. अर्धं कायेय तिच्या हातचं खाऊन वाढलं, मीही. आता डोंगराच्या उतारावर दोन खोल्यांत एकटी राहते. सोबतीला एक रेडिओ आणि दम्याचा पंप. वर्ष कसं गेलं म्हणून विचारा, ती बोटीपासून मोजते. बोटीला अजून चार महिने आहेत. बोटीनंतर दोन महिन्यांनी कोंबडी मेली. असं.

तिचा थोरला भाऊ ओविदिओ चौदा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला, तेव्हा शाळा सोडून तंबाखूच्या गोदामात लागला आणि हिला शिकवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच तिला हातात धरलं होतं, म्हणजे तो तिचा भाऊ आणि पाद्रिनोही, धर्मबाप. वडीलधारं माणूस दिसलं की आम्ही आधी आशीर्वाद मागतो, मग काय ते बोलतो. "आशीर्वाद, पाद्रिनो," असं ती म्हणायची आणि तो हात वर करून म्हणायचा, "देव तुझं भलं करो, पोरी." घरी आला तरी, फोन आला तरी. सत्तरीची बाई आणि पोरी! पण ती बोलायला लागल्यापासून त्यात एका दिवसाचा खाडा नव्हता.

आणि ओविदिओच्या बोटांत सिगारेट कायमची. ओविदिओ जिथं, तिथं डोमिनोचा डाव, आणि डाव जिथं, तिथं अख्खं कोत्तो घराणं. म्हणून त्या अकरा खोल्या कसिनोच्या बरोबर वर, सिगारेटवाल्यांच्या डेकवर जाणाऱ्या जिन्याला लागून. दोन वर्षांपूर्वी तिथंच, चौथ्या दिवशी, एनेइदा निळी पडली. दोन दिवस बोटीवरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून काढले. घरी आल्यावर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, धूर नको, नाहीतर बोट नको. कपड्यांतून येणारा धूरसुद्धा नको.

ती माझ्या ऑफिसात येऊन बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"अविल्दा, बोट सुटायला नको माझी. काय वाटेल ते कर."

"सोडतंय कोण तुम्हाला?" मी म्हटलं आणि बोटीचा नकाशा टेबलावर पसरला.

या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगते. ती बोट मी नाकानं पालथी घातलेली आहे. धूर मोकळ्या डेकवर डाव्या बाजूला असतो, पण तिथंच थांबत नाही. बोट पुढं जाते, वारा मागं जातो, म्हणून मागच्या बाल्कन्या वाईट. कसिनोचा धूर जिन्यानं वर चढतो, म्हणून मागच्या जिन्याच्या आसपासच्या खोल्या वाईट. बाल्कनी घेतली तर शेजारचा हळूच सिगारेट पेटवणार. म्हणजे राहिलं काय? आठवा मजला, उजवी बाजू, अगदी पुढचं टोक, बंद खिडकीची खोली. मी त्यावर पेन्सिलनं गोल केला.

एनेइदानं एक बोट त्या गोलावर ठेवलं आणि दुसरं सहाव्या मजल्यावर, मागं. दोन बोटांमध्ये अख्खी बोट होती.

"एवढं लांब?"

"तिथं हवा स्वच्छ आहे."

"हवेशी काय गप्पा मारू मी?"

एवढ्यात ओविदिओ आला. दारात सिगारेट विझवून आत आला आणि नकाशा बघितला. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"माझ्या शेजारची खोली नकोशी झाली का तुला?"

"तुमच्या शेजारची खोली नाही, तुमचा धूर नको झालाय," ती म्हणाली.

"चौऱ्याऐंशीव्या वर्षी सिगारेट सोडून काय शंभरी गाठू?"

"मग ठरवा एकदाचं. बहीण पाहिजे की सिगारेट?"

माझ्यासमोर असं बोलायला नको होतं. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. टोपी डोक्यावर ठेवून तो निघाला. तिनं आशीर्वाद मागितला नाही, त्यानं दिला नाही. सत्तर वर्षांतला पहिला खाडा माझ्या ऑफिसात पडला.

"आता माझ्या दारात आला तरच मागेन," ती म्हणाली. "येऊ दे चालत."

बोटीवर चढायच्या दिवशी बंदरावर मी सगळ्या कोत्तोंना उभं करून ताकीद दिली. माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला ठाऊक आहे. "धुराच्या कपड्यांनी कुणीही तितीच्या खोलीकडे फिरकायचं नाही. आंघोळ करा, कपडे बदला, मगच जा. नाहीतर तुम्हीच तिला माराल आणि वर रडत बसाल." तिला तिती, म्हणजे आत्या, म्हणणाऱ्या भाच्यांनी माना हलवल्या. ओविदिओ सामानावर बसून जोड्याची नाडी बांधत होता. मग मी तिकिटं वाटायला लागले आणि ते बोलणं विसरूनही गेले.

पहिल्या दिवशी भाच्या अंघोळी करून, केस ओले घेऊन आल्या. "आशीर्वाद, तिती. बाई गं, किती लांब राहतेस, रस्त्यात जेवण पचलं." तिनं त्यांना घरून आणलेली नारळाची मिठाई दिली. दुसऱ्या दिवशी एक आली. तिसऱ्या दिवशी खोलीतला फोन वाजला, "आशीर्वाद, तिती, आम्ही पोहायला चाललोय." त्यांचंही काय चुकलं? धूर धुवायचा, मैलभर चालायचं आणि बंद खोलीत बसायचं. तरण्या पोरी त्या.

तीन वाजता आमच्याकडे कॉफीची वेळ. जगबुडी झाली तरी तीनची कॉफी चुकत नाही. मी रोज तिच्याकडे डोकावायचे, ते साडेतीनच्या सुमारास, माझी कामं आटोपून. टेबलावर दोन कप असायचे. एक तिनं प्यायलेला, एक भरलेला, साय धरलेला.

"दुसरा कुणाचा?"

"तुझाच की. तूच उशिरा येतेस."

मला साखर चालत नाही, हे तिला पंधरा वर्षं ठाऊक आहे. त्या कपात तीन चमचे साखर होती, ओविदिओच्या प्रमाणाची. मी ती गार, गोड कॉफी मुकाट्यानं प्यायले. सहाही दिवस.

"दार उघडं ठेवा ना जरा," मी एकदा म्हटलं. "येणाऱ्याला बरं वाटतं."

"म्हणजे वाट बघत बसलेय असं दिसायला? आणि धूर आला म्हणजे?" तिनं धूर नंतर म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं.

रात्रीच्या जेवणाला ती लांब टेबलाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. पाचव्या दिवशी तो बोटीवरच्या दुकानातला निळाशार शर्ट घालून आला. छातीवर बोटीचं चित्र, घड्यांच्या रेघा तशाच. पोरं काकाला हसून लोळली. "तियो, नवरदेव झालात की!" एनेइदा माझ्या कानाशी म्हणाली, "दुकानापर्यंत चालवतं. माझ्या दारापर्यंत यायला मात्र गुडघे दुखतात." तिनं ताटातला मासा अर्धा तसाच ठेवला.

सान हुआनला उतरताना, सगळ्यांच्या देखत, पिशवीकडे बघत ती पुटपुटली, "आशीर्वाद." दारात आला तरच मागेन म्हणाली होती. पण ओर्लांडोची माणसं विमानतळाकडे निघालेली, निरोपाच्या वेळी कोण अडून बसणार? त्यानं लगेच हात वर केला. "देव तुझं भलं करो, पोरी." भांडण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. पण मिटलं नव्हतं, तिच्या बाजूनं तरी. त्यानंतर तो तिच्याकडे आला, अंगणात लांब बसून कॉफी प्यायला, की दर वेळी ती टोमणा मारायचीच. "माझ्या दाराचा रंग कोणता होता, सांगा बघू. सात दिवसांत एकदा तरी बघितलात?" तो म्हणायचा, "गुडघे गं," आणि डोंगराकडे बघत बसायचा. मी स्वतः ऐकलंय, चारदा तरी.

ऑगस्टमध्ये तो गेला. दुपारी झोपला तो उठला नाही.

या जानेवारीत कोत्तोंच्या सातच खोल्या झाल्या. डोमिनो खेळणारं कुणी उरलं नाही, सिगारेट ओढणारंही नाही. मी एनेइदाला म्हटलं, "आता भाच्यांच्या मधोमध खोली मिळतेय. स्वच्छ आहे, मी हुंगून सांगते."

"नको. तीच दे."

"अहो, आता लांब राहायचं कारण काय?"

"मला सवय झालीय," ती म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिल्याच दुपारी मी तिच्याबरोबर खोलीत होते, कपडे कपाटात लावत. दार उघडंच होतं. खोल्या झाडणारा डेलरॉय टॉवेल घेऊन आला. सेंट व्हिन्सेंटचा, पन्नाशीचा माणूस, मोडकंतोडकं स्पॅनिश बोलतो. त्यानं तिला ओळखलं.

"या वर्षी म्हातारबाबा नाही आले, सेन्योरा?"

"कोण म्हातारबाबा?"

"टोपीवाले. रोज तीन वाजता यायचे ना. तिथं, जिन्यापाशी उभे राहायचे." त्यानं बोट दाखवलं. खोलीपासून वीस पावलं असेल. "दहा मिनिटं दाराकडे बघायचे. मग हात असा वर करायचे, काहीतरी पुटपुटायचे, आणि जायचे. मी म्हटलं, बाबा, मी दार वाजवतो. त्यांनी शर्टाची बाही हुंगली आणि मान हलवली. नको म्हणाले. एक दिवस नवा शर्ट घालून आले, निळा. मला वाटलं, आज जाणार. अर्ध्या वाटेपर्यंत गेलेही. मग परत बाही हुंगली, स्वतःचे हात हुंगले, आणि फिरले."

एनेइदाच्या हातात हँगर होता. तो तिनं पलंगावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज, सेन्योरा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

डेलरॉय गेला. मला आता बंदर आठवलं, जोड्याची नाडी आठवली, आणि माझं ते बोलणं शब्दन् शब्द आठवलं. गप्प बसता आलं असतं. देवाशपथ, मनात आलं होतं. पण त्या बाईच्या हातचं मी सहा वर्षं जेवले आहे.

"दोन्या एनेइदा, ते मी सांगितलं होतं. धुराच्या कपड्यांनी तिच्या खोलीकडे फिरकू नका, तुम्हीच तिला माराल, असं. सगळ्यांना सांगितलं, त्यांनाही. मला वाटलं नव्हतं की ते..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरनं त्याला वीस वर्षं सांगितलं, सिगारेट सोड. बायकोनं मरताना सांगितलं. मी सांगितलं. जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्यानं," ती म्हणाली. "ऐकलं ते नेमकं तुझं."

मग ती बाहेर गेली, मी दाराबाहेरपर्यंत तिच्या मागं. वीस पावलं चालायला तिला दोनदा थांबावं लागलं. जिन्यापाशी पोचली, वळली आणि आपल्या दाराकडे बघत उभी राहिली. मागच्या वर्षी तिथून काय दिसायचं ते मला माहीत होतं. बंद दार दिसायचं. तीन वाजले होते. खाली कुठंतरी आमची माणसं हसत होती. ती "आशीर्वाद, पाद्रिनो," असं म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, आणि थोडा वेळ थांबली, उत्तराला लागतो तेवढा. मी खोलीत जाऊन तिचे उरलेले कपडे कपाटात लावले.